जुना विंडसर्फिंग बोर्ड घेतलाय, पाण्यात उतरवायच्या लायकीचा करायचाय. मार्गदर्शन हवं

मावळवारा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

सहकारनगरमधल्या एका बंगल्याचं सामान निघालं होतं. मालक लष्करातून निवृत्त झालेले, आता कायमचे मुलीकडे चाललेत. मी जुनं कपाट बघायला गेलो होतो. गॅरेजच्या छताला दोन दोरांत टांगलेला लांबलचक पांढरा बोर्ड दिसला आणि पाय तिथेच थांबले. शेजारी डोलकाठी, बूम (शीड धरायची आडवी दांडी), गुंडाळलेलं शीड. काका बोर्डावर हात ठेवून म्हणाले, "वीस वर्षं झाली, यानं पाणी बघितलं नाही." साडेसहा हजारांना सगळं घेऊन आलो.

लांबी ३७० सेंमीच्या आसपास, रुंदी ६४. मधे खाली-वर होणारा सेंटरबोर्ड आहे, तो अडकतो. कंपनीचं नाव घासून गेलंय. नाकाशी बोटभर लांब भेग आहे. शेपटीशी कुणीतरी पूर्वी लावलेलं ठिगळ आहे, ते पिवळं पडलंय. फिन (शेपटीखालचा पंख) अर्धा तुटका. शिडाच्या पारदर्शक भागाला हात लावला की पापडासारखा करकरतो.

माझं वय ४१, वजन ७८ किलो, पोहायला चांगलं येतं. विंडसर्फिंग मात्र आयुष्यात एकदाच, गोव्याला तासभर केलंय. त्या तासाभरात पाचेक सेकंद वाऱ्यानं मला खरंच ओढून नेलं. ते पाच सेकंद डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा उद्योग.

कुठला रंग लावावा? आणि काय काय नवीन घ्यावं लागेल?

दर्याकाठी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३२

अभिनंदन! असा सेंटरबोर्डवाला लांब बोर्ड शिकायला फार चांगला. हल्लीचे आखूड बोर्ड वाऱ्यात पळतात, पण वारा पडला की नवशिक्याचे हाल होतात. लांब बोर्ड हलक्या वाऱ्यातही सरळ चालतो, आणि सेंटरबोर्ड खाली असला की वाऱ्याकडे चढत परत काठाला येता येतं.

रंगाचं मात्र सगळ्यात शेवटी. आधी बोर्डाचं वजन करा. घरातल्या वजनकाट्यावर तुम्ही एकटे उभे राहा, मग बोर्ड कवेत घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. या लांबीचा बोर्ड कोरडा असेल तर १५ ते १८ किलोच्या घरात यावा. २० च्या वर गेला तर तो पाणी प्यायलेला आहे.

दुसरं, माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसा रुपयाच्या नाण्यानं सगळा बोर्ड वाजवत या, विशेषतः उभं राहायची जागा. टणटणीत वाजला तर ठीक. जिथे भद्द वाजेल तिथे पेन्सिलीनं गोल करा. तिथे वरचं कवच आतल्या फोमपासून सुटलंय.

भोसरीफायबर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

माझा फायबरच्या साच्यांचा कारखाना आहे, बोर्ड कधी केलेला नाही. पण कळकळीनं सांगतो, बोर्ड कशाचा आहे हे कळल्याशिवाय कुठलंही रेझिन लावू नका.

बाहेरचं कवच दोन प्रकारचं असू शकतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं मेणचट प्लॅस्टिक असेल, नखानं ओरखडा उठत असेल, तर ते पॉलिथिन. त्याला काहीही चिकटत नाही, इपॉक्सीसुद्धा आठवड्यात सालासारखी निघून येते. ते गरम हवेच्या गननं आणि त्याच प्लॅस्टिकच्या कांडीनं वेल्डच करावं लागतं. भेगेत बारीक काचेचे धागे दिसत असतील तर ते फायबर.

आतल्या फोमचं तर त्याहून महत्त्वाचं. भेगेतून चिमूटभर फोम काढा, वाटीत ठेवा, वर थोडा अ‍ॅसिटोन टाका. विरघळला तर तो थर्माकोलच्या जातीचा. मग फक्त इपॉक्सी. साधं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे ज्यात आम्ही कोबाल्ट आणि कॅटलिस्ट घालतो ते, त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. वरून काम झकास दिसतं, आत पोकळी. फोम नुसता ओला होऊन तसाच राहिला तर तो पॉलियुरेथेन, त्याला दोन्ही चालतात.

पुण्यात फायबरच्या कुठल्याही शेडमध्ये बोर्ड नेलात तर पहिल्यांदा पॉलिएस्टरच काढतील, कारण टाक्या, बंपर, बाकडी सगळं त्यातच होतं. म्हणून आधीच विचारा.

मावळवारा | १४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

वजनकाटा: मी ७८, बोर्डासकट ९९.५. म्हणजे बोर्ड साडेएकवीस किलो! आत चार-पाच किलो पाणी आहे.

भेगेत काचेचे धागे आहेत. अ‍ॅसिटोनमध्ये फोम दोन मिनिटांत चिकट थेंब होऊन बसला. म्हणजे थर्माकोल, म्हणजे इपॉक्सी.

वाजवताना बहुतेक सगळीकडे टणटणीत. फक्त मास्ट ट्रॅकच्या (डोलकाठी बसवायच्या खाचेच्या) मागे तळहाताएवढी जागा भद्द आणि शेपटीचं ते जुनं ठिगळ अगदीच पोकळ.

वीस वर्षं टांगलेल्या बोर्डात पाणी कसं राहिलं?

दर्याकाठी | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

राहतं. आत शिरलेलं पाणी दाण्यांच्या फटीत मुरतं, बाहेरचं कवच बंद असतं, सुकणार कुठून. बोर्डाच्या वरच्या बाजूला मास्ट ट्रॅकच्या आसपास एक छोटा स्क्रू शोधा. तो हवेचा स्क्रू. त्याखाली रबरी रिंग असते. तो काढून ठेवा, शेपटीचं ठिगळ उघडा आणि बोर्ड शेपटीवर तिरका उभा करा. सावलीत. पुण्यातलं मार्चचं ऊन थेट लागू देऊ नका. आतली हवा तापून फुगते, वाट मिळाली नाही तर कवच फोमपासून उचलतं. निम्मे जुने बोर्ड पाण्यानं नाही, उन्हात पालथे टाकून ठेवल्यानं गेलेत.

पाणी शिरलं कुठून ते शोधायला आधी स्क्रू परत बसवा, ठिगळाची उघडी जागा बंद करा, मग बोर्ड दहा मिनिटं उन्हात कोमट करा आणि फिनच्या खाचेभोवती, ट्रॅकभोवती, सेंटरबोर्डच्या फटीभोवती साबणाचं पाणी फिरवा. हवा बाहेर येते तिथे बुडबुडे धरतात. कॉम्प्रेसर कुणी लावू म्हणालं तर हात धरा. त्या दाबानं कवच फाटतं.

मावळवारा | १६ फेब्रुवारी, रात्री ११:१०

आज ठिगळ उघडलं. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पॉलिश पेपरनं कडा घासल्या, मग पातळ पटाशीनं हळूहळू उचललं. वरचा थर चांगला तीन मिलिमीटर जाड, करणाऱ्यानं मेहनत घेतली होती. तो एका बाजूनं सुटला आणि खाली काही नव्हतंच. माझी मूठ मनगटापर्यंत आत गेली. बॅटरी मारली तर पोकळीच्या भिंती वितळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, पिवळसर. त्या भिंतींवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. बोर्ड उभा केल्यावर बादलीत टप टप सुरू झालं. तासाभरात तांब्याभर पाणी, गंजाच्या रंगाचं.

भोसरीफायबर, तुम्ही परवा लिहिलं ते अक्षर न् अक्षर समोर होतं.

भोसरीफायबर | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

वाईट वाटलं. ज्यानं केलं त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

पोकळी बुजवायला कुठलाही फवारणीचा फोम घालू नका. तो फुगताना कवचाला ताण देतो. दाट थर्माकोलचा ठोकळा घ्या (पॅकिंगचा भुसभुशीत नको), पोकळीच्या मापाचा कापा, इपॉक्सीत बारीक पोकळ काचेची भुकटी, मायक्रोबलून म्हणतात ती, कालवून श्रीखंडाएवढी घट्ट करा आणि त्यात ठोकळा बसवा. पण हे सगळं पूर्ण वाळल्यावर. ओल्या फोमवर इपॉक्सी धरत नाही.

मावळवारा | २५ मार्च, रात्री ९:३०

पाच आठवडे गेले. बोर्ड गच्चीच्या जिन्यात उभा होता. शेपटीच्या भोकात सुती कापडाची वात घालून ठेवायचो, ती रोज ओली व्हायची, मग दिवसाआड, मग नाहीच. मधे मत्स्यालयाच्या छोट्या पंपानं स्क्रूच्या भोकातून हवा आत सोडत होतो. आजचं वजन १७.१ किलो. गेले नऊ दिवस तेवढंच आहे.

गळती दोन ठिकाणी सापडली. फिनच्या खाचेचा मागचा कोपरा आणि मास्ट ट्रॅकचा एक बोल्ट.

भोसरीफायबर | २६ मार्च, सकाळी ७:००

आता काम सुरू करा, आणि पहाटे करा. आमच्याकडे सर्रास मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर, वजनानं १०० ला १०. अंदाजानं ओतायचं नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर घट्ट होतं, असं पॉलिएस्टरमध्ये असतं. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की काम कायमचं चिकट राहतं.

एका वेळी शंभर ग्रॅमच्या वर कालवू नका, आणि कालवलं की खोल पेल्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता. पेल्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं. एप्रिलच्या दुपारी मी असा पेला धूर सोडताना आणि वितळताना पाहिलाय.

भेगेच्या कडा उतरत्या घासा. कवच एक मिलिमीटर जाड असेल तर उतार बारा मिलिमीटरपर्यंत जाऊ द्या. कापड २०० ग्रॅमचं, तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर मोठा. वरून जाड प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद घालून रबरी पट्टीनं हवा काढा. कापड पारदर्शक झालं की रेझिन पुरलं. पांढरे ठिपके राहिले तर तिथे हवा आहे. जास्तीचं रेझिन म्हणजे नुसतं वजन, ताकद नाही.

सुकल्यावर वर मेणचट थर जाणवेल. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी मिळून तो तयार करतो. तो आधी पाण्यानं आणि घासणीनं धुवा, मग घासा. न धुता घासलंत तर तो मेणचटपणा सगळीकडे पसरेल आणि पुढचा थर सुटेल. हातमोजे, गॉगल, आणि घासताना चांगला मास्क. काचेची धूळ आणि कच्ची इपॉक्सी दोन्ही अंगाला बाधतात, एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती जात नाही. माझ्याकडचा एक चांगला कारागीर त्यापायी हे काम सोडून गेला.

भद्द जागेला दोन-दोन इंचांवर बारीक भोकं पाडा, इंजेक्शनच्या सिरिंजनं पातळ इपॉक्सी आत सोडा, वर प्लॅस्टिक घालून वाळूच्या पिशव्या ठेवा.

सुईदोरा | २६ मार्च, दुपारी २:१५

दादा, शिडाचे फोटो टाका ना. मी सिंहगड रस्त्याला रकसॅक आणि तंबू दुरुस्त करते. पाण्यातलं शीड शिवलेलं नाही, पण पॅराग्लायडिंगच्या हार्नेसचं काम येतं.

मावळवारा | २७ मार्च, रात्री ८:४५

ताई, फोटो जोडलेत. शिडावर ६.६ लिहिलंय, शेजारी लफ (शिडाची काठीकडची कड) आणि बूमचे आकडे.

सुईदोरा | २८ मार्च, दुपारी १:००

पारदर्शक भाग मोनोफिल्म आहे. तिसऱ्या फोटोत दुमड पडलेल्या जागी पांढऱ्या रेषा दिसताहेत. अंगठ्यानं जोरात दाबा. टर्रकन फाटलं तर उन्हानं ती फिल्म मेलेली आहे. तिला शिवायला गेलं तर सुईची भोकं पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होतात आणि तिथूनच फाटतं. म्हणून आधी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं तुकडा बसवायचा, मग लांब टाके घालायचे, आणि दोरा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा पाण्यात कुजतो.

कापडी भाग चांगला आहे, पट्ट्यांचे खिसे मी नक्की करून देईन. पण निम्मी फिल्म बदलायची तर नवं शीड बरं पडेल असं मला वाटतं. मी काम नाकारत नाहीये, तुमचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून सांगतेय.

दर्याकाठी | २८ मार्च, रात्री १०:०५

ताईंशी पूर्ण सहमत. ६.६ चौरस मीटर तसंही नवशिक्याला मोठं. पाण्यात पडलेलं शीड दोरानं उचलताना त्यावर पाणी साठतं, दहाव्यांदा उचलताना पाठ बोलायला लागते. ७८ किलोच्या माणसानं पाचच्या आसपासचं घ्यावं. वापरलेलं चालेल, पण फिल्म मऊ आणि स्वच्छ हवी.

काठीबद्दल. प्रत्येक शिडावर लफची लांबी आणि कुठली काठी हवी ते छापलेलं असतं. काठीवर ४०० आणि १९, ४३० आणि २१, ४६० आणि २५ अशा जोड्या असतात. पहिली लांबी सेंटीमीटरमध्ये, दुसरा ताठपणाचा आकडा. पाचचं शीड ४०० च्या काठीवर आणि खालच्या एक्स्टेन्शनवर (काठीची लांबी वाढवणाऱ्या जोडनळीवर) बसेल. काठ्या जाड आणि बारीक अशा दोन मापांच्या असतात, बुडाशी आतला व्यास साधारण ४८ मिलिमीटर आणि ३२ मिलिमीटर. एक्स्टेन्शन त्याच मापाचं घ्या. बूमचा जबडाही काठीच्या जाडीला बसतो ना ते बघा, बारीक काठीला मधे रबरी बाही लागते. तुमची जुनी काठी ताठ आणि जड असेल, नव्या शिडाला ती शोभत नाही. शीड सपाट राहतं आणि झटके देतं.

जुनी बूम फोटोत दोरीनं बांधायची दिसतेय. चालते, पण ती घट्ट बांधण्यात शिकाऊ माणसाचा अर्धा तास आणि सगळा उत्साह जातो. कडीनं बंद होणारी घ्या.

अक्षांश१८ | २९ मार्च, सकाळी ९:४०

थोडं अवांतर, पण मला हे फार आवडतं म्हणून लिहितो. या सगळ्या सामानात शोध म्हणावा असा भाग एकच, डोलकाठी आणि बोर्ड यांच्यामधला वळणारा सांधा. आपल्या कोकणातल्या होडीची डोल पक्की उभी असते, परबाण (शिडाची आडवी काठी) फिरतो, सुकाणू दिशा देतं. इथे सुकाणूच नाही. काठी पुढे कलवली की नाक वाऱ्यापासून पळतं, मागे कलवली की वाऱ्याकडे वळतं. हे त्या सांध्यामुळे.

कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ड्रेक विमानांचे अभियंते. पण इंग्लंडात हेलिंग आयलंडवर पीटर चिल्व्हर्स नावाच्या शाळकरी मुलानं १९५८ मध्येच असाच बोर्ड चालवला होता, आणि १९८५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्याच्या आधाराने ते ब्रिटिश पेटंट अवैध ठरवलं. ऑलिंपिकमध्ये खेळ १९८४ ला आला. आपल्याकडे त्याआधी, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत दिल्लीत बाकी खेळ चालू असताना शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यात विंडग्लायडर हा बोर्डांचा वर्ग होता. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत इबाद अलीनं आरएस:एक्स या बोर्डांच्या वर्गात भारताला कांस्य मिळवून दिलं.

दर्याकाठी | २९ मार्च, सकाळी ११:१५

अक्षांश, अवांतर कसलं, मुद्द्याचंच बोललात. मावळवारा, तो सांधा आजच्या आज बघा. रबरी डमरूसारखा किंवा काळ्या-पिवळ्या कांडीसारखा असेल. हातात धरून काटकोनात वाकवा आणि फिरवत फिरवत उजेडात बघा.

मावळवारा | २९ मार्च, रात्री ९:२०

बघितला. सरळ धरला तर नवाकोरा दिसतो. वाकवला आणि बाहेरच्या बाजूला टाचेच्या भेगांसारख्या भेगा उघडल्या, एक तर निम्म्या जाडीपर्यंत. बाजूची सुरक्षेची दोरी हातात घेतली तर तिचा चुरा झाला.

भोसरीत एक जण पॉलियुरेथेनच्या सळईतून नवा करून देतो म्हणतोय. करू का?

भोसरीफायबर | ३० मार्च, सकाळी ७:१०

फायद्याच्या विरोधात बोलतोय, पण नको. सळई एकसारखी दिसते, आत किती कडक आहे ते आपल्याला कळत नाही. एवढी एक वस्तू तयारच घ्या. बाकी बोर्डाला मी हवा तेवढा जुगाड करून देतो.

दर्याकाठी | ३० मार्च, सकाळी ९:००

हेच. सांधा तुटला की काठी आणि शीड एकीकडे, बोर्ड दुसरीकडे. शीड पाण्यात नांगरासारखं अडकून राहतं आणि मोकळा बोर्ड वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा जोरात जातो. माझ्या बाबतीत १९९४ मध्ये मुंबईच्या खाडीत हे झालंय. मी शीड धरलं, बोर्ड सोडला. चूक केली. पाऊण तासानं मासेमारीची होडी आली म्हणून आज लिहितोय. बोर्ड तरंगतो, बोर्ड दिसतो, बोर्डच धरायचा. पैसे कमी पडले तर रंग राहू द्या, फिन जुना राहू द्या. सांधा आणि त्याची दोरी नवी घ्या, आणि दर दोन वर्षांनी बदला.

मावळवारा | ११ एप्रिल, रात्री १०:००

सांधा आला, सोबत सुरक्षेची पट्टी. वापरलेलं ५.० चं शीड, ४०० ची बारीक काठी आणि बूम गोव्यातल्या एकाकडून मिळाली, बसच्या टपावरून आली.

दोऱ्यांसाठी बोहरी आळीत दोन तास घालवले. दुकानदार नायलॉन पुढे करत होते, तो ओला झाला की ताणतो. मी पॉलिएस्टर मागत राहिलो. शेवटी एका म्हाताऱ्या चाचांनी माळ्यावरून चार मिलिमीटरची घट्ट विणीची दोरी काढली, स्वतः पायाखाली धरून ओढून दाखवली. शीड उचलायला जाड मऊ दोर घेतला आणि त्याला वीतभर अंतरावर गाठी मारल्या. सेंटरबोर्डच्या फटीला जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्यात. आत अडकलेली वाळू निघाल्यावर तो आता बोटानं खाली जातो.

फिनचं काय करू? खाच जुनी आहे, त्या मापाचा फिन कुठेच मिळेना.

भोसरीफायबर | १२ एप्रिल, सकाळी ६:४५

इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्यांकडे हिरवट ग्लास इपॉक्सी शीट असते. आठ मिलिमीटरचा तुकडा मागा. तुटक्या फिनचं बूड जसंच्या तसं छापून घ्या आणि आकार कापा. पुढची कड गोल, मागची निमुळती. लाकडापेक्षा शंभर पटीनं बरं. रविवारी शेडवर या, बेल्टवर घासून देतो. चहाही होईल.

धरणकाठ | १२ एप्रिल, दुपारी ४:३०

मी पानशेतच्या बाजूला राहतो, म्हणून फिनबद्दल सांगतो. तीस सेंटिमीटरच्या वर करू नका. एप्रिल-मे मध्ये पाणी झपाट्यानं उतरतं, बुडालेल्या बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे हातभर खाली असतात.

आणि एक विनंती. धरणात कुठेही थेट उतरू नका. खडकवासल्याचं पाणी शहराला प्यायला जातं, तिथे असं उतरायला मनाई आहे. पलीकडचा किनारा प्रबोधिनीचा, म्हणजे एनडीएचा. बाकीच्या जलाशयांवरही परवानगी लागते. परवानगी असलेल्या आणि रेस्क्यू बोट ठेवणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबरच जा. दर उन्हाळ्यात आमच्याकडे चांगली पोहणारी मुलं जातात. वरून पाणी शांत दिसतं, काठ एकदम खोल तुटतो. लाइफ जॅकेट नुसतं जवळ असून उपयोग नाही, अंगात हवं.

मावळवारा | १२ एप्रिल, रात्री ९:५०

धरणकाठ, तुमचं म्हणणं शब्दशः पाळतो. मुळशीच्या बाजूला एका संस्थेशी बोलणं झालंय, त्यांची बोट असते आणि परवानगीही आहे.

दर्याकाठी | १३ एप्रिल, सकाळी ८:१०

वाऱ्याचंही धरून ठेवा. एप्रिल-मे मध्ये दुपारपर्यंत हवा थिजलेली असते. चारच्या पुढे पश्चिमेचा वारा घाटावरून उतरतो, तो शिकायला चांगला. ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास असेल तेव्हा उतरा. पण त्याच दिवसांत वळवाचे ढग येतात, दहा मिनिटांत दिशा फिरते आणि वारा तिप्पट होतो. पूर्वेला काळं दिसलं की बोर्ड बाहेर. किनाऱ्याकडून पाण्याकडे जाणाऱ्या वाऱ्यात कधीही नाही, तो काठाशी मवाळ वाटतो आणि मधे ओढून नेतो.

परत येता आलं नाही तर शीड बूमसकट बोर्डावर आडवं घ्या, त्यावर पालथे झोपा आणि हातांनी वल्हवा. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूंनी सावकाश वर-खाली करा. हे आधी काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात दोनदा करून बघा.

मावळवारा | २ मे, रात्री ८:३०

बोर्ड तयार. शेपटीचा ठोकळा बसला, तीन थर चढले, ट्रॅकचा बोल्ट काढून नव्या इपॉक्सीत बसवला. वरून पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण इपॉक्सी उन्हानं पिवळी पडते आणि गडद रंग बोर्ड तापवतो. उभं राहायच्या जागी ओल्या रंगावर साखर भुरभुरवली, सुकल्यावर धुतली. पाय घट्ट धरतो.

वजन १७.८. दुरुस्तीनं सातशे ग्रॅम वाढले.

भोसरीफायबर | ३ मे, सकाळी ७:०५

सातशे म्हणजे रेझिन हात राखून वापरलंय. छान काम.

मावळवारा | १८ मे, रात्री ११:४५

आज उतरलो.

पहिला तास उचल-पड. दोरानं शीड वर येतं, पाणी धबधब्यासारखं ओघळतं, हात बूमकडे जातो आणि मी वाऱ्याच्या बाजूला उलटा. दर्याकाठी, तुम्ही सांगितलेलं सगळं आधी केलं, शिडावर पालथं झोपून वल्हवणंसुद्धा. साडेपाचला वारा सारखा झाला. काठी थोडी पुढे, मागचा हात हलकेच आत ओढला, आणि बोर्डाखालून बारीक खळखळ सुरू झाली. तो आवाज पुढे पुढे सरकत होता आणि काठावरची बाभळ मागे जात होती. किती वेळ ते मोजलं नाही. रेस्क्यू बोटीतला मुलगा म्हणाला, शंभर मीटर तरी गेलात.

वळता आलं नाही. उतरून बोर्ड फिरवला आणि पुन्हा चढलो. परत येताना नवा फिन एका दगडाला घासला, कडेला नखाएवढा टवका गेलाय.

घरी आल्यावर ओला बोर्ड पुसला आणि आधी वजनकाटा काढला. १७.८.

सुईदोरा | १९ मे, सकाळी १०:२०

दादा, सकाळी सकाळी वाचून डोळ्यांत पाणी आलं. जुन्या शिडाचं कापड टाकून देऊ नका. बोर्डाला नेण्या-आणण्याची पिशवी शिवून देते, वरून ऊनही लागणार नाही. माप घ्यायला कधी येऊ?

दर्याकाठी | १९ मे, रात्री १०:४०

टवक्यात लगेच इपॉक्सी भरा, फिनच्या खाचेभोवती पुन्हा साबणाचं पाणी फिरवून बघा, हवेचा स्क्रू आज रात्रभर उघडा ठेवा. पुढच्या शनिवारी मी पुण्यात आहे. वळायचं कसं ते पाण्यातच दाखवतो.